उरलेला आवाज

आत्याबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबून धरला. त्या हाताला लोकरीचा आणि कच्च्या दुधाचा वास येत होता.

"वरडू नगंस," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "आत्ता अजाबात वरडू नगंस."

मी त्यांचा हात हिसडून काढला. "केतकी कुठंय? आत्याबाई, ती घोंगडीवर नाहीये!"

"दिसतंय मला. डोळं हायत."

"मग?"

"मग गप ऱ्हा. मेंढरं आत्ता आत आल्यात."

दिवस नुकताच मावळला होता. चुलीपाशी घोंगडी पडली होती, तिच्यावर केतकी निजली होती तेवढा खळगा होता आणि शेजारी तिच्या दोन्ही चपला. म्हणजे पोर अनवाणी गेली होती. रान सगळं बाभळीच्या काट्यांचं. केतकी तेव्हा अडीच वर्षांची होती.

मी मेंढरं परतताना बघायला बांधावर गेले होते. आत्याबाई कोकरांची जाळी उचलायला गेल्या होत्या. तेवढ्यात हे झालं.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. माझे सासरे शिकून जिल्हा परिषदेत लागले, पण आत्याबाई आणि त्यांचा मुलगा मायाप्पा दर वर्षी मेंढरं घेऊन माणदेशातून खाली उतरायचे. त्या वर्षी विट्याजवळच्या एका शेतकऱ्याने खतासाठी रानात मेंढरं बसवायला त्यांना बोलावलं होतं. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होते. पुरवणीसाठी तळावरचा एक दिवस लिहायचा आणि आत्याबाईंना नात दाखवायची, अशा दोन कामांनी मी आले होते. नवरा निवडणुकीच्या कामाला जुंपलेला. मायाप्पाची बायको दळणाला गावात गेली होती, ती सकाळीच येणार होती. तळावर आम्ही तिघं मोठी माणसं होतो.

आणि मेंढरं. मोठ्या मेंढ्या दिवसभर चरायला जातात, कोकरं तळावर वेगळ्या जाळीत राहतात. संध्याकाळी मेंढ्या परत येऊन वाघरेत, म्हणजे जाळीच्या मोठ्या कुंपणात शिरल्या की कोकरं त्यांच्यात सोडतात. मग जो आवाज उठतो, त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. मुलांच्या पानावर प्राण्यांच्या आवाजांची चौकट मीच लावली होती. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. यांना आपापलं क्रियापद आहे. वाघाला डरकाळी आहे, पण ती त्याला फोडावी लागते. मोराचा केकारव, हत्तीचा चीत्कार, ही नुसती नामं, त्यांना मागून 'करतो' जोडायचं. मेंढीच्या वाट्याला 'बें बें' एवढंच आलं होतं. इथे माझ्यासमोर शे-दीडशे मेंढ्या आणि त्यांची कोकरं एकाच वेळी गळा काढत होती आणि त्यात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

"केतकी!" मी तरीही ओरडले.

आत्याबाईंनी माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे पाच बोटं उमटलेली होती. "आगं बाई, मेंढरं बुजली तर जाळी तोडून उधळतील. मग कोण कुणाचं, देवालाबी कळायचं न्हाय. आन् पोरगी जवळपास आसंल तर तिचा आवाज यात बुडतोय. ह्यांचं मिटू दे. मिटलं की ऐकू येतंय."

"किती वेळ?"

"हुईल की आता."

दुपारी मी विचारलं होतं, मेंढरं एकूण किती? आत्याबाई म्हणाल्या, मोजत न्हाय, मोजली की कमी व्हत्यात. मग एखादं मागे राहिलं तर कसं कळतं? त्या म्हणाल्या, "संध्याकाळी मागत्यात की. मेंढी पोराला मागती, कोकरू आईला हुडकतंय. ज्याला ज्याचं गावलं ते गप हुतंय. मागनारी उरली म्हंजी कोकरू ऱ्हायलं. हुडकनारं उरलं म्हंजी मेंढी ऱ्हायली." त्यांच्या बोलण्यात मेंढी 'ओरडते' कधी नव्हतंच. ती मागायची, नाहीतर वळखायची, नाहीतर दम द्यायची. मला ते लेखासाठी फार आवडलं होतं. आता मी त्याच हिशोबाच्या मध्ये उभी होते आणि तो संपायची वाट बघत होते.

मायाप्पा वाघरेच्या पलीकडून बॅटरी घेऊन आला. उंच, पांढरं मुंडासं, भरघोस मिशा. सकाळी त्याला पाहून केतकीने रडून आकांत केला होता.

"वैनी, घाबरू नगा. लांब कुठं जाणार? एवढीएवढी पावलं."

"कुत्रं सोडा ना शोधायला."

"कुत्रं हितंच ऱ्हाऊ दे." तो आईकडे वळला. "काल कालव्याच्या अंगाला माग हुता."

"कसला माग?" मी विचारलं.

मायाप्पाने आईकडे चोरून पाहिलं.

"कोल्ह्याचा आसंल," मायाप्पा म्हणाला. तो खोटं बोलतोय हे मला कळलं. दुपारीच मी त्याला हसत विचारलं होतं, "भाऊजी, लांडगा कसा ओरडतो हो? आमच्या चौकटीत लांडगाच नाही." तो म्हणाला होता, "लांब आसला की वरडतो. जवळ आला की गप. लिवा तुमच्या पेपरात, लांडगा गप करतो." तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

आवाज उतरू लागला. एकेक कोकरू एकेका मेंढीखाली गुडघे टेकून लुचायला लागलं, की त्या जागचा गलका विझायचा. आत्याबाईंचा चेहरा सैल होत होता. माझं उलटं झालं. जसजसं शांत होत गेलं, तसतशी माझी भीती चढत गेली. गलका होता तोवर वाटत होतं, केतकी ओरडत असेल आणि ऐकू येत नसेल. आता रातकिडे ऐकू यायला लागले, चुलीत लाकूड तडकलेलं ऐकू आलं. केतकी मात्र ऐकू येत नव्हती.

आणि तिचं बोलणं तरी काय होतं! आई आणि बाबा हे दोन शब्द सोडले तर बाकी सगळं प्राण्यांच्या आवाजात. भूभू म्हणजे कुत्रा, भूभू म्हणजे भुंकणं, भूभू म्हणजे मला भीती वाटतेय. हम्मा म्हणजे गाय आणि हम्मा म्हणजे दूध दे. नाम, क्रियापद सगळं एकाच गाठोड्यात. मिरजेच्या डॉक्टरांनी "अजून थोडं थांबून बघू" म्हटलं होतं. मी आजवर तिच्या जिभेची काळजी करत होते. आता मला कुठलाही एक आवाज हवा होता.

शेवटी वाघरेत एकच आवाज उरला. जाडसर, फाटका. थांबून थांबून येणारा.

"मेंढी हाय," मायाप्पा म्हणाला. "मागतीया."

"ती कालची," आत्याबाई म्हणाल्या. "जिचं पोर मेलं ती. नवं घेतलं न्हाय वाटतं तिनं."

ते नवं कोकरू मी दुपारी पाहिलं होतं. एका मेंढीचं कोकरू आदल्या दिवशी मेलं. दुसरं एक कोकरू आईविना होतं. मायाप्पाने मेलेल्याचं कातडं सोलून जिवंत कोकराच्या अंगावर बांधलं होतं. वास ओळखीचा आला की मेंढी त्याला आपलं म्हणून घेते, नाहीतर ढुशी मारून हाकलते. दोन कातड्यांचं ते कोकरू लडखडत चालत होतं.

"मग हिशोब मिटला," मायाप्पा म्हणाला. "आई, तू चुलीमागं बघ. मी कालवा बघून येतो." आणि तो अंधारात पळाला.

आत्याबाई घोंगड्या, पोती, भांडी उलथीपालथी करू लागल्या. आता त्यांचाही धीर सुटला होता. एकच पोतं त्या पुन्हा पुन्हा उचलून बघत होत्या आणि बिरोबाला काहीतरी बोलत होत्या. मी दुसरी बॅटरी घेऊन वाघरेभोवती फिरले. जाळीच्या आत केतकीचा लाल फ्रॉक दिसतो का, एवढंच बघत होते. प्रकाशात हिरवे डोळे चमकायचे आणि वळायचे.

कडेलाच एक मेंढी शांतपणे रवंथ करत उभी होती. तिच्याखाली एक कोकरू शेपूट हलवत लुचत होतं. त्याच्या पाठीवर, सुतळीने बांधलेलं, दुसरं कातडं होतं.

मी पुढे गेले. चार पावलं पुढे गेल्यावर माझ्या डोक्यात ते शिरलं.

"आत्याबाई! ते कातडं बांधलेलं कोकरू पितंय!"

"आँ?"

"पितंय! कालच्या मेंढीने त्याला घेतलंय. ती गप्प आहे. मग ही कोण मागतेय?"

आत्याबाई धावत आल्या. जाळी ओलांडून आत शिरल्या, आवाजाच्या मेंढीपाशी वाकल्या आणि तिच्या कासेला हात लावला. कास तटतटलेली होती. मेंढी त्यांच्याकडे बघेना. वाघरेच्या मावळतीच्या कडेला ती जाळीला छाती लावून उभी होती, कान ताठ, तोंड एकाच दिशेला.

"ही भोरी," आत्याबाई म्हणाल्या. "हिचं पांढऱ्या कपाळाचं, बारकं." त्या तशाच कोकरांच्या रिकाम्या जाळीकडे गेल्या. कोपऱ्यातली एक खुंटी उपटून आडवी पडली होती आणि जाळी तेवढ्यापुरती उचलली गेली होती. मोठं माणूस तिथून आत शिरलं नसतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तुझ्या पोरीनं कोकरू नेलंय."

मायाप्पा धापा टाकत परत आला. कालवा बंद होता, पाणी नव्हतं, कुणी नव्हतं. आईचं दोन वाक्यांत ऐकून त्याने जाळीची खुंटी काढली.

"वैनी, भोरीला सोडतोय. हिच्या म्होरं कुनी जायचं न्हाय. म्होरं मानूस दिसलं की ती थांबंल. आन् हाक मारायची न्हाय. ती ऐकतीया ते आपल्याला ऐकू येत न्हाय."

भोरी निघाली. सुरुवातीला चालत, मग दुडक्या चालीने. आम्ही तिघं मागे. ती थांबून ओरडायची, कान रोखायची आणि पुन्हा निघायची. तिच्या दोन ओरडण्यांच्या मधे जी शांतता पडायची, तिच्यात मी माझे स्वतःचे श्वास मोजल्यासारखे ऐकत होते. डाव्या बाजूच्या बाभळीत काहीतरी सरकलं. मायाप्पाने काठी बदलून उजव्या हातात घेतली आणि बॅटरी तिकडे मारली. काही नव्हतं. काही नसणं हीच तर भीती होती.

बोरीच्या झुडपांपाशी भोरी उजवीकडे वळली. मायाप्पाचं पाऊल अडखळलं.

"तिकडं कुठं चालली ही..." तो पुटपुटला.

"काय आहे तिकडे?"

मायाप्पाने पावलं उचलली.

"भाऊजी, काय आहे तिकडे?"

"मालकाची जुनी हीर," आत्याबाई म्हणाल्या. "कठडा न्हाय."

आत्याबाईंनी मला काखेत धरून ओढत नेलं.

भोरी विहिरीच्या काठावर उभी होती आणि खाली बघून ओरडत होती. खालून काही आलं नाही. ती पुन्हा ओरडली. नुसता तिचाच आवाज फिरून वर आला. मायाप्पाने बॅटरीवर हात धरून प्रकाश बोटांमधून थोडा थोडा खाली सोडला. दगडी पायऱ्या, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. निम्म्यावर एक रुंद टप्पा, त्याच्या खाली पायऱ्या ढासळलेल्या आणि त्याखाली काळं पाणी.

टप्प्यावर लाल फ्रॉक होता.

केतकी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. पोटाशी पांढऱ्या कपाळाचं कोकरू घट्ट धरलेलं, त्याचं तोंड स्वतःच्या काखेत दाबलेलं. ती कोकराला निजवत होती. वरून मेंढी ओरडली की ती मान वर करायची आणि अगदी हळू, खासगीतलं सांगितल्यासारखं, म्हणायची, "बें."

मी तोंड उघडलं आणि मायाप्पाने माझ्यापुढे हात आडवा धरला.

"वैनी, तुमचा आवाज आला की ती उठून पळत यील," तो कुजबुजला. "अंधार हाय. बाजूला भिंत न्हाय."

"मग तुम्ही जा."

"मला बघून मागं सरकंल. सकाळी बघितलं न्हवं?"

मागे भिंत होती, सरकायला उरली ती पाण्याचीच बाजू. आम्ही तिघं मोठी माणसं काठावर उभी होतो आणि तिघांपैकी कुणाचाही आवाज, कुणाचंही तोंड तिला चालणार नव्हतं. मी पदराचा बोळा केला आणि दातांत धरला.

भोरी कुणाला विचारायला थांबली नाही. आत्याबाईंच्या हातातून तिची लोकर सुटली आणि ती पायऱ्या उतरू लागली.

"आई, धर तिला! पोरीला ढुशी मारंल!"

पण ती चार पायऱ्या खाली गेली होती. मायाप्पा मुंडासं काढून टाकून, बसून, हात टेकत तिच्या मागोमाग सरकत उतरू लागला. तिच्या अंगाआड तो केतकीला दिसत नव्हता. खाली भोरीची खुरं टप्प्यावर वाजली. ती केतकीपासून हातभर अंतरावर थांबली, मान खाली घातली आणि पुढचा पाय आपटला. दम देत होती. मी इतकंच शिकले होते आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. आत्याबाईंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

केतकीने मेंढीकडे पाहिलं. मग हातातल्या कोकराकडे पाहिलं.

"बें," ती म्हणाली आणि हात उघडले.

कोकरू धडपडत उठलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं. भोरी वळली. वळताना तिची सगळी कूस केतकीवर आली आणि केतकी तिच्या नि भिंतीच्या मधे दाबली गेली, पाण्यापासून दूर. तेवढ्यात मेंढीच्या पोटाखालून मायाप्पाचा हात आला आणि त्याने लाल फ्रॉक मुठीत पकडला.

तेव्हा ती रडली. खणखणीत, माणसासारखी, मायाप्पाच्या मिशा ओढत. "रड, रड," तो पायरीपायरीने वर येताना म्हणत होता, "मोठ्यानं रड, माझी आई."

त्याने तिला माझ्याकडे दिलं. मला वाटलं होतं मी काहीतरी बोलेन. माझ्या दातांतून पदरच सुटेना. आत्याबाईंनी तो ओढून काढला. खाली भोरी पान्हा सोडून निवांत उभी होती आणि कोकरू पीत होतं. त्याचं पिऊन होईपर्यंत आत्याबाईंनी कुणाला हलू दिलं नाही. मग मेंढी आणि कोकरू धरून आम्ही सहाजण तळाकडे निघालो. मायाप्पा अनवाणीच चालत होता. त्याची एक वहाण विहिरीत पडली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तळावर सगळं निजलं होतं. मेंढरं पाय मुडपून बसलेली, कोकरं त्यांच्या कुशीत, कुत्रं चुलीपाशी. मी केतकीला घेऊन वाघरेजवळ खाली बसले. तिचे तळपाय चाचपले, काटे होते. गुडघा खरचटला होता. बाकी सगळी जिथल्या तिथे होती.

आणि मग माझ्यातून आवाज निघाला.

अशा आवाजासाठी आमच्या पानांवर एक शब्द ठरलेला असायचा. अपघात असो की पूर, आईने हंबरडा फोडला, असं वार्ताहर लिहून पाठवायचे आणि मी तसंच पुढे सोडायची. गाईचं हंबरणं बाईला लावलं की त्याचा हंबरडा होतो आणि तो फोडावा लागतो. मी काही फोडलं नाही. मला थांबवताच आलं नाही. किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही.

वाघरेतली एक मेंढी उठली. मग तिच्या शेजारची. मग सगळी वाघर उभी राहिली आणि शे-दीडशे मेंढ्या एकदम मागायला लागल्या, कुशीतली कोकरं दचकून हुडकायला लागली, कुत्रं भुंकायला लागलं.

"झालं!" मायाप्पा कपाळाला हात लावून म्हणाला. "वैनी, सगळी उठवलीसा की वो!"

"उठू देत," आत्याबाई म्हणाल्या.

केतकी माझ्या मांडीवर सरळ होऊन बसली. तिने माझ्या उघड्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग जाळीकडे वळली, जिथे अंधारात सगळी तोंडं आमच्याकडे लागली होती. तिने माझ्या गालाला बोट लावलं.

"आई," तिने त्यांना सांगितलं.